पेठेतला वाडा कशावर उभा असतो

पुण्यात कसबा, शनिवार, नारायण किंवा सदाशिव पेठेत एखादा वाडा उतरवला जात असेल तर पाच मिनिटे थांबून पाहावे. आधी कौले खाली येतात. मग जेसीबीचा दात भिंतीला लागतो आणि दोन-अडीच फूट जाडीची भिंत मातीचा ढीग होऊन खाली बसते. पण आतले खांब, त्यांच्यावरच्या तुळया आणि वरचा मजला पेलणाऱ्या लाकडी कड्या तशाच उभ्या राहतात. त्यांच्यासाठी वेगळे सुतार येतात. ते एकेक सांधा सोडवतात आणि सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत रवाना होते.

वाडा समजून घेण्याची किल्ली या दृश्यातच आहे. वाडा मुख्यतः उभा असतो तो लाकडी सांगाड्यावर. तळमजल्याची बाहेरची भिंत थोडाफार भार घेते, हे खरे. बाकी भिंतींचे काम आडोसा देणे, ऊन अडवणे आणि सांगाड्याला बाजूने डोलू न देणे एवढेच. ‘मातीचा होता म्हणून पडला’ हे वाडा पडल्यावर हमखास ऐकू येणारे वाक्य त्यामुळे बहुतेक वेळा चुकीचे असते. वाडा पडतो तो लाकूड कुजल्यामुळे. लाकूड कुजते पाण्यामुळे. आणि पाणी आत अडकते ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपणच केलेल्या दुरुस्त्यांमुळे.

थोडा संदर्भ आधी. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती. तांबट आळी, कुंभारवाडा अशी तिथली नावे अजून त्या त्या कारागिरांची आठवण ठेवून आहेत. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि त्यानंतरच्या शतकभरात वारांच्या नावाच्या पेठा भरत गेल्या. सदाशिव, नारायण, नाना या पेठा पेशवाईतल्या माणसांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. सरदार, कारभारी, सावकार, भिक्षुक अशा सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वाडे बांधले. कोणाचा एक चौकी, म्हणजे आत एका अंगणाचा, कोणाचा तीन चौकी. बांधण्याची पद्धत मात्र जवळजवळ एकच होती, म्हणून एक वाडा नीट कळला की बाकीचेही बरेचसे कळतात.

खालून वर

सगळ्यात खाली काळ्या पाषाणाचे जोते. घडीव दगड, त्यांच्यामधल्या दर्जा, म्हणजे सांधे, अगदी बारीक, उंची साधारण दोन ते चार फूट. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, तरी आत आज जी जोती ओळीने दिसतात ती हीच. वरचे लाकूड गेले, दगड राहिला.

जोत्यावर खांब थेट रोवत नाहीत. प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा असतो आणि खांब त्याच्यावर नुसता टेकलेला असतो, फार तर खालच्या टोकाची छोटी जीभ दगडातल्या खाचेत बसवलेली असते. तळखडा शोभेसाठी नाही. जमिनीतली ओल दगडापर्यंत येते आणि तिथेच थांबते, लाकडाला लागत नाही. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. साधारण पाच-सहा फूट. घर केवढे हे पूर्वी चौरस फुटांत सांगत नसत, ‘पाच खणी सोपा’, ‘तीन खणी माजघर’ असे सांगत. खणाचे हे माप सुताराच्या सोयीचे आहे: एवढ्या अंतरावर बेताच्या जाडीची तुळई वाकत नाही आणि तेवढ्या लांबीचे सरळ लाकूड सहज मिळते.

खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा लाकडाचा तुकडा असतो, तो हस्त. कोरीवकामामुळे आपण त्याला नक्षी समजतो. प्रत्यक्षात तो तुळईला दोन्हीकडून थोडा पुढे येऊन आधार देतो, त्यामुळे तुळईची मोकळी लांबी कमी होते, शिवाय दोन तुळया जिथे जोडल्या जातात तो सांधा नेमका त्याच्या पाठीवर येतो. हस्त काढला किंवा फुटला तर वरचा सांधा उघडा पडला. सांध्यांत लोखंडी खिळे नावापुरते. एका लाकडाची जीभ, जिला सुतार कुसू म्हणतात, दुसऱ्याच्या खाचेत जाते आणि आडवी लाकडी मेख ती धरून ठेवते. असा सांधा जरासा हलू शकतो. तो हलतो म्हणूनच टिकतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातल्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या, पण खणांचा लाकडी सांगाडा ज्या घरांत धड होता तिथे तो बऱ्याचदा उभा राहिला.

तुळयांवर आडव्या कड्या, हातभर अंतराने. कड्यांवर सागाच्या फळ्या किंवा किलच, म्हणजे चिरलेल्या लाकडाच्या चपट्या पट्ट्या. त्यावर मातीचा थर आणि वर सारवण. दिवाणखान्यात खालून तक्तपोशी मारून कड्या झाकत. वरच्या मजल्यापासून भार असा उतरतो: जमीन, किलच, कडी, तुळई, हस्त, खांब, तळखडा, पाया. या साखळीतली एक कडी दुबळी झाली की तिच्या वरचे सगळे लटकते.

भिंतींचे दोन प्रकार एकाच घरात सापडतात. तळमजल्याला बाहेरून पक्क्या विटा चुन्यात, मध्ये मातीत बसवलेली भर, आतून पुन्हा विटा. वरच्या मजल्यांना वजन कमी ठेवायचे म्हणून पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मोठ्या कच्च्या विटा. भिंतीत खांब गाडलेले असतात; बाहेरून ते दिसत नाहीत, म्हणून भिंत फोडून खिडकी मोठी करताना लोक त्यांनाच कापतात. विश्वास बसणार नाही इतक्या वेळा हे झाले आहे.

आणि मध्ये चौक. त्याची फरशी मध्याकडे उतरती असते आणि छपरांचे सगळे पाणी तिथे पडून दगडी मोरीतून रस्त्याकडे जाते. चौकातली तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी ओसरीतली गार हवा येते. हा दुहेरी उपयोग. रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्याला खिडक्या जवळजवळ नाहीत, मोठा दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आणि मागे भिंतीतल्या भोकात सरकणारा अडसर. पेशवाईतल्या कारभाऱ्याच्या घराला संरक्षणही लागत होते.

वाडा कसा मरतो

वाड्याचा पहिला शत्रू रस्ता आहे. पेठांतले रस्ते दर काही वर्षांनी वर चढत गेले. जुन्यावर नवे डांबर, त्यावर काँक्रीट. जोते पूर्वी तीन फूट वर होते तिथे आज फूटभर दिसते. काही वाड्यांत दिंडीतून आत जाताना आता पायरी खाली उतरावी लागते. चौकातली मोरी बाहेर पडायची ती जागा रस्त्याखाली गेली, म्हणून पावसाचे पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येते आणि जोत्यात मुरते. जुन्या वाड्याची पाहणी इथूनच सुरू करावी: बाहेर रस्त्यावर उभे राहून आतल्या चौकाची पातळी पाहायची.

दुसरा शत्रू सिमेंट, आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लोक ते चांगल्या हेतूने लावतात.

माती आणि विटांची भिंत जमिनीतले पाणी वर खेचते, जसा कंदिलाची वात तेल खेचते. हे पूर्णपणे थांबवता येत नाही आणि वाडा बांधणाऱ्यांनी ते थांबवलेही नव्हते. त्यांनी भिंतीवर चुना लावला. चुन्याच्या गिलाव्याला बारीक छिद्रे असतात. भिंतीत आलेली ओल त्यातून बाहेर पडते आणि हवेत उडून जाते. ओल येते, जाते, भिंतीचा खालचा फूटभर भाग थोडा दमट राहतो, बस. आता त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की बाहेर जायचा मार्ग बंद. पाणी थांबत नाही, ते आणखी वर चढते. दोन फुटांवरची ओल चार-पाच फुटांवर जाते आणि तिथे भिंतीत गाडलेला खांब किंवा तुळईचे टोक तिला सापडते. सोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, फुगतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी सिमेंटचा पापुद्रा पोळीसारखा सुटतो. मग लोक म्हणतात, ‘माल भेसळीचा होता’, आणि आणखी जाड सिमेंट लावतात.

सिमेंट ताठही असते. वाडा उन्हाळ्यात, पावसाळ्यात किंचित हलतो. चुना त्याच्याबरोबर हलतो आणि केसासारख्या बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो, कारण पाण्यात विरघळलेला थोडा चुना भेगेत जाऊन पुन्हा घट्ट होतो. सिमेंट हलत नाही, तडकते, आणि त्या भेगेतून गेलेले पाणी परत येत नाही. चकचकीत ऑइल पेंटचा परिणामही हाच, फक्त स्वस्तात.

तिसरा शत्रू वजन. भाडेकरूंची संख्या वाढली तशी वरच्या मजल्यांवर न्हाण्या, संडास, ओटे आले. मातीची जमीन काढून काँक्रीटचा कोबा आणि वर शहाबादी फरशी बसली. हिशोब सोपा आहे: १०० चौरस फुटांच्या खोलीत एक इंच काँक्रीट म्हणजे साडेपाचशे किलोंच्या वर वजन. दोन इंच कोबा, वर फरशी, फरशीवर ५०० लिटरची टाकी, म्हणजे जुन्या कड्यांवर जवळपास दोन टन कायमचे. शिवाय न्हाणीच्या मोरीतून गळणारे पाणी नेमके तुळईच्या टोकावर. पडलेल्या वाड्यांची पाहणी केली तर कोसळण्याची सुरुवात फार वेळा अशाच वरच्या मजल्याच्या न्हाणीखालून झालेली दिसते.

तळमजल्याला नवीन फरशी बसवताना आणखी एक चूक होते. फरशीची पातळी चार-सहा इंच वाढते आणि तळखडा तिच्याखाली गाडला जातो. आता खांबाचे लाकूड थेट फरशीवर. रोज पुसण्याचे पाणी, सांडलेले पाणी सगळे त्याच्या बुडाशी. वरून खांब ठणठणीत, आतून खालचे वीतभर लाकूड भुसा झालेले.

आणि शेजार. पेठांतल्या दोन वाड्यांची भिंत पुष्कळदा सामाईक असते. एकाने आपला वाडा पाडला की दुसऱ्याची जी भिंत कधीच पाऊस बघणार नव्हती ती उघडी पडते. कच्च्या भेंड्यांवर गिलावा नाही आणि समोर मृगाचा पाऊस. त्यात शेजारी तळघरातल्या पार्किंगसाठी दहा-बारा फूट खणले गेले तर पायाखालची माती सरकते. अशा वेळी निदान बांधकाम सुरू होण्याआधी आपल्या भिंतीचे तारखेसह फोटो घ्यावेत, तिच्यावर छपराच्या कडेपासून जोत्यापर्यंत पाणी अडवणारे आच्छादन लावून घ्यावे आणि खणण्याच्या कडेला आधार देण्याची लेखी हमी मागावी.

पाणी मातीच्या भिंतीचे काय करते हे पुण्याने १२ जुलै १९६१ ला पाहिले. पानशेत आणि खडकवासला फुटल्यावर नदीकाठच्या पेठांत पुराचे पाणी शिरले, भेंड्यांच्या भिंती भिजून बसल्या आणि शेकडो जुनी घरे गेली.

पाहणी: काय, कुठे, कशाने

इंजिनिअर बोलावण्याआधी घरातल्या माणसाला बरेच काही तपासता येते. लागते काय तर एक दाभण, एक छोटी हातोडी, ओळंबा, बॅटरी आणि खडू.

पहिला मोठा पाऊस चालू असताना पोटमाळ्यावर जावे. पाऊस थांबल्यावर नाही, चालू असताना. जिथून थेंब येतो तिथे वाशावर खडूने खूण करावी. पाणी वाशावरून वाहत बरेच पुढे जाऊन टपकते, त्यामुळे खालच्या छतावरचा डाग गळतीची जागा दाखवतोच असे नाही. बहुतेक गळती सरळ छपरात नसते. ती दोन उतार मिळतात त्या पन्हळीत असते आणि भिंतीला टेकलेल्या कडेला असते.

मग लाकूड. हातोडीने हलके ठोकत जायचे. निरोगी साग टणक आवाज देतो, पोकळ झालेला बद्द. संशय आला तिथे दाभण दाबायची. दोन-तीन मिलिमीटर गेली तर चिंता नाही. अर्धा इंच सहज शिरली तर ते लाकूड भार घेत नाही असे धरून चालावे. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: प्रत्येक खांबाचे बूड, भिंतीत शिरलेली तुळईची टोके, न्हाणीखालच्या कड्या आणि पन्हळीखालचे वासे. खांबाच्या मधोमध ठोकत बसण्यात अर्थ नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या झाडून टाकू नयेत; आधी त्या कुठून वर आल्या ते शोधावे, जवळपास ओल सापडतेच. ओल न थांबवता केलेली फवारणी एका हंगामापुरती.

भिंतीला पोट सुटले आहे का ते ओळंब्याने कळते. वरून ओळंबा सोडायचा आणि दर दोन फुटांवर भिंतीपासूनचे अंतर लिहायचे. दुपदरी भिंतीत मधली भर पाण्याने खाली बसली की बाहेरचा विटांचा पदर फुगतो. एका मजल्यात इंचाहून जास्त फरक असेल तर संवर्धनाचा अनुभव असलेला इंजिनिअर बोलवावा, आणि तो येईपर्यंत त्या भिंतीशेजारी झोपू नये. भेग जुनी की वाढती हे कळण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लॅस्टरने चिकटवतात आणि तारीख लिहितात. पट्टी तुटली म्हणजे भेग चालू आहे.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. आधी छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग लाकूड, सगळ्यात शेवटी गिलावा. लोक उलट करतात, कारण गिलावा दिसतो.

छपराचे काम दर वर्षी, मे महिन्यात, मृगाच्या आत. कौले चाळायची, म्हणजे ओळीने काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. मंगळुरी कौले पेठांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला त्यानंतर. त्याआधी कुंभाराने चाकावर घडवलेली नळीची कौले होती. एका छपरावर दोन्हींची भेसळ करू नये, पाण्याची वाट तिथेच चुकते. मंगळुरी कौल सव्वादोन-अडीच किलोंचे असते आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. कौलांखाली निळी ताडपत्री घालून वर्षानुवर्षे ठेवणे वाईट, ती वाफ अडवते आणि वासे खालून कुजतात. एका पावसाळ्यापुरती ठीक. पन्हळीचा पत्रा दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान सहा-सहा इंच गेला पाहिजे. तिथे काटकसर करू नये.

निचऱ्यासाठी चौकातली मोरी मोकळी करणे पहिले. रस्ता वर गेला असेल आणि पाणी गुरुत्वाने बाहेर जात नसेल तर चौकात छोटी टाकी आणि पंप बसवावा लागतो. सुंदर दिसत नाही, पण इलाज तोच. भिंतीलगत बाहेरून सिमेंटचा कोबा असेल तर फूटभर रुंदीची पट्टी फोडून तिथे खडी भरावी. जमिनीला वाफ सोडायला तेवढी जागा पुरते.

लाकडाची दुरुस्ती म्हणजे सगळे बदलणे नव्हे. खांबाचे बूड कुजले असेल तर कुजलेला भाग आणि त्यावर चांगले लाकूड लागल्यानंतर आणखी काही इंच कापून तिथे जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात, बोल्टने आवळतात. त्याआधी धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू, द्यायचे. धिरा देताना हमखास होणारी चूक अशी की पहिल्या मजल्याच्या तुळईखाली लोखंडी टेकू लावला, पण तो ज्या जमिनीवर टेकला तिच्याखाली पोकळ तळघर किंवा धान्याचे पेव होते. भार जमिनीपर्यंत, पक्क्या जमिनीपर्यंत, गेला पाहिजे; प्रत्येक मजल्यावर धिरे एकाखाली एक आले पाहिजेत. वाकलेली तुळई एका दिवसात सरळ करायला जाऊ नये. जॅकने दिवसाला एक-दोन मिलिमीटर, कुरकुरण्याचा आवाज आला की थांबायचे. पन्नास वर्षांत आलेला बाक पूर्ण निघतही नाही आणि काढायची गरजही नसते.

जुन्या लाकडावरचा ऑइल पेंट काढल्यावर बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, पातळ हात द्यावेत, मध्ये प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. सॅंडिंग मशीन कोरीव हस्तावर आणि केळफुलांच्या नक्षीवर चालवू नये. दोनशे वर्षांची धार दहा मिनिटांत गोल होते.

आता चुना. सिमेंट छिन्नी-हातोडीने, हाताने काढायचे. ब्रेकर लावला तर खालची वीट सुटते. दर्जा अर्धा-पाऊण इंच खोल खरवडायच्या. मग थांबायचे. दसऱ्यानंतर सिमेंट काढून भिंत माघ-फाल्गुनापर्यंत उघडी वाळू द्यावी. हे चार महिने कोणालाच सहन होत नाहीत, आणि ओल्या भिंतीवर लावलेला चुनाही मग पडतो.

भाजलेल्या चुनखडीची कळी पाण्यात विझवून, गाळून, पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरवायची. दोन-तीन महिने मुरला तर उत्तम. नीट न विझलेला कण गिलाव्यात राहिला तर काही महिन्यांनी तिथे फोड येतो. मुरलेला चुना एक भाग, सुरखी म्हणजे विटांची बारीक पूड एक भाग, धुतलेली वाळू दोन भाग, हे पहिल्या हातासाठी चालणारे प्रमाण. सुरखीमुळे चुना दमट जागीही धरतो. पूर्वी हे मिश्रण बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळत. आता मोटरवर चालणारी घाणी मिळते. साध्या काँक्रीट मिक्सरमध्ये ते नुसते ढवळले जाते, मळले जात नाही. त्यात बेलफळाचे आणि गुळाचे पाणी घालतात, त्याने चुना पसरायला मऊ होतो. पण गूळ वाढला की आवळायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात. ‘आमच्याकडे अठरा वनस्पतींचा पारंपरिक मसाला आहे’ असे सांगणाऱ्या ठेकेदाराला आधी चुना किती दिवस मुरवला ते विचारावे.

भिंत आदल्या दिवशी आणि लावताना पुन्हा भिजवायची. एक हात अर्ध्या इंचाहून जाड नाही. दुसरा हात आठवडाभराने. ओले पोते टांगून दहा-पंधरा दिवस दमट ठेवायचे, ऊन आणि वारा थेट लागू द्यायचा नाही. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही लागतात. मातीच्या भेंड्यांवर चुना थेट धरत नाही. तिथे आधी माती, भुसा आणि शेणाचा गिलावा, तो वाळल्यावर चुन्याची सफेदी.

कागदांची बाजू

वाड्यांच्या दुरवस्थेत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा मोठा वाटा आहे. भाडी गोठली, मालकाला महिन्याला येणाऱ्या भाड्यात कौलांची गाडीही येईना. त्याने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जमेल तसे सिमेंट थापले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की चार टक्क्यांनी काही हलत नाही. त्याच कायद्यानुसार घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकाची. नोटीस देऊनही तो करत नसेल तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कागदावर हक्क आहे. त्यात पाच कौले येतात.

धोकादायक वाड्याची नोटीस महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते. वर्गवारी चार: सी-१ म्हणजे तातडीने रिकामा करून पाडणे, सी-२ए म्हणजे रिकामा करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामा न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पहिल्या दोनांतला फरक वाड्याचे भवितव्य ठरवतो, आणि तो ठरवणारा अहवाल पुष्कळदा अशा इंजिनिअरचा असतो ज्याने आयुष्यभर फक्त आरसीसी पाहिले आहे. त्याला वाकलेली तुळई दिसते आणि तो सी-१ लिहितो. लाकडी बांधकाम जाणणाऱ्याचा दुसरा अहवाल घेऊन वर्गवारीला आव्हान देण्याचा मार्ग असतो. घर सोडण्याआधी भाडेकरूने आपल्या खोल्यांचे मोजमाप आणि नोंद लेखी करून घ्यावी, कारण पुढचा सगळा व्यवहार त्या आकड्यावर.

वारसा यादीत वाडा असेल तर श्रेणी पाहावी. श्रेणी एकमध्ये बदलाला जवळजवळ वाव नाही, दोनमध्ये आतून जपून करता येतो, तीनमध्ये जास्त मोकळीक. प्रत्येक वेळी वारसा समितीची मान्यता लागते. न वापरलेला बांधकामाचा हक्क हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून दुसरीकडे विकता येतो. वाडा राखायला पैसा उभा करण्याचा बहुतेकांना उपलब्ध असलेला हाच खरा मार्ग, पण त्यासाठी सगळे वारस एका कागदावर सही करायला हवेत. पेठांत एका मालमत्ता पत्रकावर वीस नावे असणे काही नवल नाही.

वेळ निघून गेली की काय होते ते बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात दिसले. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली ती ही जागा. वर्षानुवर्षे कोर्टकज्जा चालला, वाडा मोडकळीला आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडावा लागला.

बघायचे असेल तर

लाकूडकाम जवळून पाहायला विश्रामबाग वाडा सर्वांत सोयीचा, दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. दर्शनी सज्जाचे सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब आणि त्यांच्यावरची केळफुले रस्त्यावरून दिसतात. आत गेल्यावर मान वर करून हस्त पाहावेत आणि कोणती तुळई कोणावर टेकली आहे ते शोधावे. शनिवारवाड्यासमोरचा नाना फडणीसांचा नाना वाडा त्याच्या आधीचा, साधारण १७८० चा. कसब्यातला मुजुमदार वाडा खासगी आहे, त्यामुळे विचारूनच आत जावे.

शेवटी शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महालाचे दालन पाहावे. हा महाल मूळचा कोथरूडचा. तिथून त्याचे खांब, महिरपी, तुळया सुट्या करून आणल्या आणि इथे पुन्हा जोडून उभ्या केल्या. भिंती कोथरूडलाच राहिल्या.